चवड्याखालचा खडा

कोल्हापूरला जाऊन आलेला माणूस परतल्यावर काय काय सांगतो ते मला आता पाठ झालं आहे. अंबाबाईचं देऊळ, रंकाळ्यावरची संध्याकाळ, पन्हाळ्याचा वारा, तांबडा रस्सा नि पांढरा रस्सा. आम्हीही यातलं बरंचसं पाहिलं, खाल्लं. पण खरं सांगायचं तर मी कोल्हापूर मान खाली घालून पाहिलं. माझं सगळं लक्ष बायकोच्या उजव्या पायाकडे होतं. कुठल्या रस्त्याचं डांबर उखडलं आहे, कुठल्या बोळातली फरशी हलते, हे मी आजही सांगू शकेन. वरच्या इमारतींबद्दल मात्र मला विचारू नका.

मी अकोल्यात भूगोल शिकवतो आणि स्वभावाने काळजीखोर आहे. कुलूप लावल्यावर परत येऊन ओढून बघणाऱ्यांपैकी. माझी बायको सुमन नेमकी उलटी. अंगात ताप असला तरी कणीक मळेल आणि वरून मलाच म्हणेल, "तुमचा चेहरा काहून असा झाला?" म्हणून उन्हाळ्यात एकदा बाजारातून येताना ती थांबली, एक चप्पल काढून झटकली आणि "खडा गेला वाटतं" म्हणाली, तेव्हा मी लक्ष दिलं नाही. चपलेतून काही पडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पावसाळ्यापर्यंत आम्हा दोघांनाही कळून चुकलं की खडा चपलेत नाही, पायात आहे. बरोबर चवड्यात. टाचा उचलल्या की ज्याच्यावर सगळा भार येतो, त्या बोटांच्या मुळाशी असलेल्या गादीत. चालताना तिथे आग व्हायची आणि मधल्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बोटं चोळायची आणि मी आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघायचो.

शाळेच्या लायब्ररीत आरोग्यावरचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते मी घरी आणलं, ही मोठी चूक झाली. चवडा दुखण्याची इतकी कारणं असतात हे मला माहीत नव्हतं. घट्ट चप्पल, पातळ तळ, उंच टाच, वाढलेलं वजन. पायाची कमान जास्त उंच असली तरी दुखतो. कातडी घट्टे पडून जाड झाली तरी दुखतो. सांधे सुजतात, अंगठ्याखालची बारकी हाडं दुखावतात, बोटांमधली नस दबते, हाडाला केसाएवढी चीर जाते. एकेक कारण वाचताना मला ते सुमनला तंतोतंत लागू पडतंय असं वाटायचं. आणि सगळ्यांच्या शेवटी मधुमेह होता. तिथे मी पुस्तक मिटलं.

कारण माझे सासरे साखरेने गेले. आधी पायाचं एक बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि मग ते. शेवटचे महिने सुमननेच त्यांचं ड्रेसिंग केलं. आता ती डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. मी फार मागे लागलो तेव्हा भाजी चिरताचिरता एकदाच म्हणाली, "बाबांचंही पायापासूनच सुरू झालं होतं."  त्या दिवसापासून माझी झोप गेली.

सुमनची थोरली बहीण, आमच्या अक्का, लग्न होऊन कोल्हापुरात गेल्या त्याला तीसेक वर्षं झाली होती. दर दिवाळीला त्यांचं बोलावणं यायचं आणि दर दिवाळीला आम्ही पुढच्या वर्षावर ढकलायचो. त्या वर्षी मीच हट्ट धरला. अक्कांचं सुमन ऐकते. अक्कांनी दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं तर ती जाईल, एवढाच माझा हिशेब होता. पर्यटन वगैरे मी वरवर बोलत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी बूथवरून फोन करून येतोय म्हणून कळवलं आणि आम्ही निघालो.

शिवाजी पेठ

स्टँडवर घ्यायला दाजी आले होते. दाजी म्हणजे अक्कांचे यजमान. पेठेत त्यांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचे. गडी अजून दाराएवढा रुंद. आम्ही उतरलो, सुमनने चार पावलं टाकली, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "काय गं सुमन, लंगडतीस व्हय?"

आमच्याकडे पाहुण्याचं व्यंग दिसलं तरी माणूस आधी चहा पाजतो. इथे तसं नाही. रिक्षावाल्यानेही मागे वळून विचारलं, "पाय मुरगळला का वैनींचा? तेल लावा की गरम." घराच्या कोपऱ्यावर तालमीच्या कट्ट्यावर बसलेली मंडळी होती, त्यांनीही चौकशी केली. घरात पोचेपर्यंत निम्म्या पेठेला ठाऊक झालं होतं की अकोल्याच्या पावण्यांच्या मंडळी लंगडत्यात.

अक्का दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, गोल, कपाळावर मोठं कुंकू. "कवाधरनं वाट बघतो मी!" म्हणत त्यांनी सुमनला जवळ ओढलं. कोल्हापुरात बायकाही "मी जातो", "मी करतो" असंच बोलतात. आमच्या वऱ्हाडातल्या या लेकीला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सुमनला हसू फुटलं. पाय बघून अक्का म्हणाल्या, "एवढं काय न्हाय. मी चाळीस घरं पायी फिरतो, मला काय झालंय?" अक्का पापड-मसाल्याचा घरगुती धंदा करत आणि माल स्वतः पोचवत. दिवसभर पायावर. मी मनात म्हटलं, यांच्याकडून मदत होईल असं दिसत नाही.

संध्याकाळी दाजी मला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले. हे मी अकोल्यात सांगतो तेव्हा कुणाला खरं वाटत नाही. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि तो फेसाळलेला, कोमट ग्लास सरळ हातात देतात. न उकळलेलं दूध! माझ्या डोळ्यांसमोर शाळेतला रोगजंतूंचा तक्ता उभा राहिला. दाजींनी एका दमात ग्लास रिकामा केला, मिशी पुसली आणि म्हणाले, "प्या की पावणं. म्हस काय चावत न्हाय." मी प्यालो. छान होतं. मग त्या छानपणाच्या भरात मी त्यांना सगळं सांगून टाकलं: सासऱ्यांचं, सुमनच्या भीतीचं, माझ्या बेताचं. आणि वर बजावलं, "हे आपल्यातच ठेवा. हळूच काहीतरी करू."

दाजींनी गंभीरपणे मान डोलावली. घरी आल्यावर उंबऱ्यात पाय ठेवताठेवता ओरडले, "अगं, ह्यास्नी वाटतंय सुमनला बाबांगत साखर झाली! डॉक्टरला दावायचं म्हणत्यात, गुपचूप!"

कोल्हापूरकराच्या पोटात काही राहत नाही हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. सुमनने माझ्याकडे पाहिलं. ती रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याशी बोलली नाही. पांढरा रस्सा इतका मऊ, नारळाच्या दुधाचा, पण मी तो वाटीकडे बघतच संपवला.

अंबाबाईच्या अंगणात

दुसऱ्या दिवशी देवीला गेलो. सणाची गर्दी ओसरत आली होती, तरी रांग बाहेरपर्यंत होती. चपला स्टँडवर ठेवल्या आणि अनवाणी निघालो. मी धास्तावलो, कारण चपलेतच जिला चालवत नाही ती दगडावर काय चालणार? पण चमत्कार झाल्यासारखं सुमन सरळ चालत होती. लंगडणं अगदी थोडं. मी तिला विचारलं, ती म्हणाली, "देवीच्या दारात दुखत नाही." तिने हात जोडले. मला मात्र तेवढ्याने बरं वाटेना. पुस्तकात लिहिलं होतं की साखरेत पाय बधिर होतो. दुखायचं थांबलं म्हणजे बधिर झाला की काय? काळजीखोर माणसाचं हे असं असतं, बरं वाटलं तरी त्यातही त्याला काळजी सापडते.

दर्शन घेऊन बाहेर आलो तोवर ऊन चढलं होतं. अंगणातला एक पट्टा सावलीबाहेर होता आणि तिथले दगड तव्यासारखे तापले होते. लोक तेवढा भाग उड्या मारत ओलांडत होते. बायका पदर सावरून पळत होत्या. सुमनही "आई गं" करत पळाली, आणि मला हायसं वाटलं, म्हटलं चटका तर कळतोय. अक्का मात्र मधोमध उभ्या राहिल्या. ओळखीची एक बाई भेटली होती, तिच्याशी मसाल्याच्या गप्पा चालल्या होत्या. ती बाई बिचारी बोलता बोलता एकदा हा पाय उचलत होती, एकदा तो. अक्का आपल्या जागच्या हलल्या नाहीत.

"अक्का, पाय भाजत नाहीत का तुमचे?" मी सावलीतून ओरडलो.

"सवय हाय मास्तर!" त्या हसल्या. "तुमच्यागत बुटात वाढलेलं पाय न्हाईत हे."

दाजींनी कौतुकाने मला कोपर मारलं. "बघा, कसं घट हाय!" घट म्हणजे टणक, कणखर. मलाही कौतुक वाटलं. अशी माणसं पाहिली की आपल्या काळजीची लाज वाटते.

चप्पल ओळ

तिसऱ्या दिवशी सुमनसाठी चप्पल घ्यायची, हे अक्कांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मागच्या दिवाळीला त्यांनीच एक जोड कुणाच्या तरी हाती अकोल्याला पाठवला होता. सुमन तो वर्षभर नेमाने घालत आली होती. आताही पायात तोच होता. "तो आता मळला. दुसरा घेतो तुला," अक्का म्हणाल्या.

गल्लीत दोन्ही बाजूंना नुसत्या चपला. दोऱ्यांवर लोंबणाऱ्या, ढीग घातलेल्या, तेल पाजून काळ्याभोर केलेल्या. कमावलेल्या चामड्याचा वास सगळ्या हवेत. सुमन एका दुकानात फळीवर बसली. दुकानदाराने जोड पुढे केला, तिने पाय घातला, आणि तिचा चेहरा पिळवटला.

"घट्ट होतेय," ती म्हणाली.

"मग बरोबर हाय," दुकानदार म्हणाला. "कातडं हाय ते. आज चावंल, उद्या चावंल, परवा लोण्यागत. ढिली घेतलीसा तर महिन्यात व्हडीगत पसरंल."

"आमी सगळे एक नंबर घट्टच घेतो," अक्कांनी दुजोरा दिला. "तुला मागल्या वर्षी पाठवलेलाबी घट्टच बघून घेतला होता. पहिल्यांदा चावला आसंल की?"

सुमनने मान डोलावली. दाजी म्हणाले, "आमचं बूट बी तसंच. लहान बूट घ्यायचा, मग बॉल पायाला चिकटतोय. हाफ टाइमला बोटं पांढरीफट. खरं कंट्रोल काय यायचा!"

हे ऐकताना मला काही सुचलं असं मी म्हणणार नाही. मी अजून साखरेतच अडकलो होतो. जोड बांधून घेतला, आणि अक्कांच्या आग्रहाखातर सुमन तोच घालून निघाली. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत ती थांबली. भिंतीला हात टेकला. मग भर बाजारात, सगळ्या लोकांत, माझी कधीच न रडणारी बायको खाली बसली आणि रडायला लागली. "माझा पाय काढतील," ती म्हणाली. "मला बाबांसारखं नाही मरायचं."

 महिनोनमहिने जे माझ्या डोक्यात घोळत होतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. अक्कांनी तिला उठवलं. "रडतीस कशाला खुळ्यागत? आत्ता जाऊ डॉक्टरकडं. साखर तपासायची असंल तर मीबी रगत देतो तुझ्यासंगं. मग झालं?"

दाजींनी रिक्षा थांबवली.

राजारामपुरीतला दवाखाना

हाडांचे डॉक्टर दाजींच्या जुन्या टीममधले निघाले. वयस्क, मिशाळ, आवाज दाजींच्या वरचढ. त्यांनी सुमनची दोन्ही पावलं मांडीवर घेतली. कापसाची वात करून बोटांना लावली, "कळतंय? हिकडं? डोळं मिटा." तिला सगळं कळत होतं. मग त्यांनी उजव्या पावलाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी मुठीत धरला आणि लिंबू पिळावं तसा दाबला. सुमन किंचाळली. बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.

डॉक्टर खूश झाले. "झकास! हितंच हाय."

तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधून जी नस जाते, ती सारखी दाबून सुजली होती. चालताना खडा टोचतोय असं वाटतं, बोटांत मुंग्या येतात, अनवाणी चाललं की बरं वाटतं, सगळं जुळत होतं. देवीच्या दारातला चमत्कार असा उलगडला. "चप्पल बघू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नवा जोड तिच्या पायाशेजारी ठेवला. पाऊल चपलेपेक्षा बोटभर रुंद होतं. "घट्ट आणि वर तळ ह्यो असा टणक. वर्षभर ही असली घातलीसा? कुणी दिली?"

 मी छताकडे पाहिलं.

"मी दिलो," अक्का म्हणाल्या. मग सुमनकडे वळून मोठ्याने, रागाने म्हणाल्या, "मग चावतीय म्हणून सांगायचं न्हाय व्हय गं? फेकून द्यायची! मी काय बघाय आल्तो अकोल्याला?"

"तू पाठवली होतीस ना," सुमन म्हणाली.

अक्कांचा राग तिथेच ओसरला. त्यांनी पदराने नाक पुसलं.

रुंद, मऊ तळाची चप्पल, चवड्याच्या किंचित मागे लावायची एक गादी, काही दिवस कमी चालणं. नाहीच थांबलं तर इंजेक्शन. एवढंच. सुमन सकाळपासून उपाशीच होती; तिचं रक्त तिथल्या तिथे तपासलं, साखर ठीक होती. माझे डोळे भरून आले आणि मी खिडकीकडे तोंड केलं. अक्कांनीही बाही वर केली होती, पण रक्त घेणारा माणूस म्हणाला, "तुमी जेवून आलाय न्हवं? उपाशी पोटी या सकाळी." अक्कांनी बाही खाली केली. "मला काय धाड भरलीया? ऱ्हाऊ दे."

निघताना डॉक्टर सुमनला म्हणाले, "बाई, भिऊ नका. दुखतंय हे बरंच हाय. न दुखणाऱ्या पायाला आमी भितो."

परत पेठेत

त्या संध्याकाळी घरात सण असल्यासारखं होतं. अक्कांनी ताटभर आंबोळ्या केल्या. शेजारच्या बायका सुमनला बघायला आल्या आणि "माझंबी असंच दुखतंय की" म्हणून प्रत्येकीने आपापला पाय पुढे केला. सुमन पाटावर बसून डॉक्टरांसारखी एकेकीचा चवडा दाबत होती, आणि जिचा दुखेल ती ओरडायची, बाकीच्या हसायच्या. दाजींचा दाबला तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली की तालमीतले दोघे धावत आले. मीही हसत होतो. कितीतरी महिन्यांनी मी कुठलीच काळजी न करता बसलो होतो.

बायका पांगल्या. सुमन म्हणाली, "अक्का, आता तुझा."

"माझा कशाला? मला काय व्हतंय?" म्हणत अक्कांनी आंबोळीचं पीठ लागलेले हात पुसले आणि पायरीवर बसून पाऊल बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

सुमनने दाबलं. अक्का हसत राहिल्या. तिने जोराने दाबलं.

"दाब की. जोर न्हाय व्हय अकोल्याच्या हातात?"

"दुखत नाही?"

"न्हाय की."

"आता?"

"काय बी न्हाय. सांगितलं न्हवं, घट हाय म्हणून."

सुमन हसत होती. मग तिने पाऊल उलटं केलं, दिव्याकडे तळवा धरला, आणि तिचं हसू गेलं. मी वाकून पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याच्या जाड कातडीत, एक काळपट डाग होता. डागाच्या मध्ये भोक होतं. भोवतालची कातडी पांढरी, फुगलेली. सुमनने पायऱ्यांवर काढलेली अक्कांची चप्पल ओढून घेतली आणि आतून बोट फिरवलं. दुरुस्तीला मारलेला एक बारीक खिळा तळातून वर आला होता. टोक चांगलं दाण्याएवढं बाहेर होतं.

"अक्का, ही चप्पल किती दिवस घालतेस?"

"रोजच घालतो की. का गं?"

"खिळा आहे ह्यात. तुला लागला नाही?"

अक्कांनी खिळ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे पाहायचा प्रयत्न केला, पण अंगामुळे त्यांना तळवा दिसेना. "काय हाय तितं?" त्यांनी विचारलं. सुमनच्या मांडीवर ते पाऊल तसंच होतं. मला कालचं अंगण आठवलं. तापलेले दगड, इकडून तिकडे पळणारे लोक, आणि मधोमध शांत उभ्या अक्का. त्यांचं कौतुक करणारे आम्ही.

"अक्का," सुमन अगदी हळू म्हणाली, "बाबांचा पाय तू पाहिला होतास का गं? उघडा?"

"मला कोण दावणार? मी आल्तो तवा चादर घातली होती वर."

सुमनने पाहिला होता. रोज, सकाळ-संध्याकाळ. ती उठली आणि तिने पाणी गरम करायला ठेवलं.

आणखी काही दिवस

परतीची तिकिटं आम्ही रद्द केली. अक्कांची साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी कापसाची वात पुढे केली, अक्का डोळे मिटून "कळतंय, कळतंय" म्हणत होत्या, आणि वात अजून पायाला लागलीच नव्हती. दाजी त्या वेळी खोलीतून बाहेर निघून गेले. मी त्यांना जिन्यात गाठलं तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. "पावणं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकायला मला पहिल्यांदाच पुढे सरकावं लागलं, "तीस वर्षं आमी तिला घट म्हणतोय वो."

जखम साफ करायला अक्कांना दवाखान्यात ठेवून घेतलं. दुपारी सुमन डबा आणायला गेली होती आणि मी एकटाच त्यांच्याजवळ बसलो होतो. खिडकीबाहेर कुणी तरी ऊस सोलत होतं. अक्का म्हणाल्या, "मास्तर, तुमी सारखी काळजी करतासा. तुमाला ह्यातलं ठावं आसंल. सांगा खरं. काढत्यात का माझा पाय?"

आयुष्यभर मी न विचारता काळजी केली होती. आता कुणीतरी पहिल्यांदाच मला त्यातलं काही मागितलं होतं, आणि माझ्याकडे धीराचं काही नव्हतं. खोटं बोलवेना. "अक्का, मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण बाबांचं कळलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. तुमचं सुमनच्या मांडीवर कळलंय. डॉक्टर हाड चांगलं आहे म्हणाले. मी दारामागून ऐकलंय, माझ्यासमोर म्हणाले नाहीत, म्हणजे खरंच असेल."

 अक्कांच्या पोटातून हसू आलं. "दारामागनं ऐकलासा व्हय? बरं केलासा." त्यांनी माझा हात धरला आणि डबा येईपर्यंत सोडला नाही.

पाय वाचला. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. आम्ही निघालो तेव्हा दाजी सोडायला आले. नव्या रुंद चपलांतून सुमन स्टँडभर सरळ चालली आणि या वेळी कुणीही काही विचारलं नाही.

आता दर रविवारी आम्ही बूथवर जातो. सुमन पहिला प्रश्न खुशालीचा विचारत नाही. "पाय बघितलास?" असं विचारते. डॉक्टरांनी अक्कांना रोज तळव्याखाली आरसा धरून बघायला सांगितलं आहे, चप्पल घालायच्या आधी आतून हात फिरवायला सांगितलं आहे. "बघितलो बाई, बघितलो," अक्का तिकडून ओरडतात, ते मला बाहेर उभ्याने ऐकू येतं. "आयुष्यात तोंड एवढं बघितलं न्हाय आरशात!"

सुमनचा खडा पूर्ण गेलेला नाही. फार वेळ उभी राहिली की अजून टोचतो. परवा लग्नाच्या मांडवात ती माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "पाय दुखतोय हो."

"बरं झालं," मी म्हणालो.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. सुमनने मात्र चप्पल काढली, पाऊल माझ्या चपलेवर ठेवलं, आणि आम्ही पंगत सुरू व्हायची वाट बघत बसलो.